टॉर्क रेंच: घरच्या कामाला कोणती रेंज घ्यावी आणि कॅलिब्रेशनचं काय? (इंदूर)

राजवाडाकर
नमस्कार मंडळी. घरी एक छोटी हॅचबॅक आणि १५० सीसीची बाईक आहे. चाकं काढणं-लावणं, ऑइल बदलणं, प्लग, ब्रेक पॅड एवढं घरच्या घरी करायचंय. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने (टॉर्कने) नट-बोल्ट कसायचा पाना, घ्यायचाय. मॅन्युअलमधले कसण्याचे आकडे असे: व्हील नट ८५ न्यूटन मीटर, ड्रेन प्लग ३५, स्पार्क प्लग २५, बाईकच्या इंजिन कव्हरचे बोल्ट १०. सियागंजच्या बाजारात विचारलं की अर्धा इंची चौकोनाचा, २८ ते २१० रेंजचा क्लिकवाला (लावलेला आकडा आला की टक् वाजणारा) पुढे करतात आणि "यात सगळं होतं" म्हणतात. खरंच होतं का? आणि कॅलिब्रेशन, म्हणजे रेंचचा आकडा खरा आहे का याची तपासणी, इंदुरात करून मिळतं का, दर वर्षी करावंच लागतं का?

पाना_तेरा
भिया, ब्रँड नंतर, आधी रेंज. क्लिकवाल्या रेंचचा भरवसा साधारण कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर धरतात. २१० च्या रेंचला तो ४२ पासून लागतो. दांड्यावर २८ कोरलेलं असलं तरी तिथे स्प्रिंग इतकी सैल असते की क्लिक हाताला नीट कळतच नाही. कळत नाही म्हणून माणूस आणखी ओढतो आणि इंजिनखालच्या ॲल्युमिनियमच्या तेलटाकीचे (संपचे) आटे जातात. तुमच्या यादीतले प्लग आणि ड्रेन प्लग दोन्ही त्यात बसत नाहीत, बाईकचे बोल्ट तर लांबच.

तुम्हाला २० ते १०० किंवा २० ते ११० चा घ्यायला हवा. हा बहुतेक ३/८ इंचात येतो, काही कंपन्या अर्ध्या इंचातही देतात. व्हील नट, ड्रेन प्लग, प्लग तिन्ही एकात आटोपतात. कव्हरच्या बोल्टांसाठी १/४ इंचाचा ५ ते २५ वेगळा घ्या. पुढे एसयूव्ही आली किंवा ॲक्सल नट, सस्पेन्शनपर्यंत गेलात, तर ४० ते २०० चा तेव्हा बघता येईल.

दुकानात रेंच हातात घेऊन तीन गोष्टी बघा. लॉक लावल्यावर मूठ फिरता कामा नये. रॅचेटचे दात बारीक हवेत, हबच्या आत हात हलवायला जागा नसते तेव्हा त्याची किंमत कळते. आणि डब्यात त्याच रेंचच्या सीरियल नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट हवं. नुसतं "अचूकता ४ टक्के" छापलेलं कार्ड काही कामाचं नाही.

दोन स्केलवाला घेतलात तर सांभाळा. ८५ हा आकडा फूट-पाउंडच्या बाजूने लावला तर नटावर ११५ न्यूटन मीटर जातात. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, त्याला ९.८ ने गुणायचं.

माळव्या
पाना_तेरा यांचं रेंजचं म्हणणं पटलं. पण घरच्या कामाला काट्याचा, म्हणजे वाकणाऱ्या दांड्याचा रेंच लोक उगाच मोडीत काढतात. त्यात ना स्प्रिंग सेट करायची, ना सैल करून ठेवायची. काटा शून्यावर नसेल तर लगेच दिसतं, आणि बहुतेकांत हलक्या हाताने वाकवून परत शून्यावर आणता येतो. डावे आटे असले तरी उलट्या दिशेनेही तेवढंच खरं दाखवतो. बरेच क्लिकवाले उलटे फिरतात, पण त्या दिशेने क्लिकच करत नाहीत. अडचण एकच, काटा समोरून बघावा लागतो. तिरकं बघितलं की आकडा चुकतो, आणि गाडीखाली आडवं पडून समोरून बघणार कसं?

डिजिटलच्या नादी आत्ता लागू नका. छान असतो, पण वर्षात दहा वेळा वापरायचा असेल तर सेल आतच गळतो.

पीथमपूर_क्यूए
कॅलिब्रेशनचं सांगतो. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १२ महिने किंवा ५,००० क्लिक, जे आधी होईल ते. सेट करता येणाऱ्या क्लिकवाल्या रेंचला १० न्यूटन मीटरपर्यंत ६ टक्के आणि त्यापुढे ४ टक्के फरक चालतो. ही मुदत कारखान्याच्या ऑडिटसाठी ठीक आहे. घरच्या वापरात दोन-तीन वर्षांनी केलं तरी काम भागतं, पण रेंच फरशीवर पडला तर मात्र लगेच करून घ्या.

सांवेर रोड आणि पीथमपूर पट्ट्यात कारखान्यांसाठी हे काम चालतंच. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे लॅब शोधता येतात. लॅबच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीत, टॉर्क आहे का आणि तुमची रेंज त्यात बसते का, हे फोनवर आधी विचारा. सर्टिफिकेटवर कमाल आकड्याच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवरची रीडिंग्ज असायला हवीत. फक्त "ओके" चा शिक्का असेल तर पैसे गेले समजा.

मधल्या काळात घरी ढोबळ तपासणी करता येते. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये धरा, दांडा आडवा, जमिनीला समांतर. चौकोनाच्या मध्यापासून मुठीवरच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा, समजा ४० सेंटीमीटर आलं. खुणेवर २० किलोचं वजन दोरीने हळूच टांगा: २० गुणिले ९.८१ गुणिले ०.४ म्हणजे ७८.५ न्यूटन मीटर. रेंचचं स्वतःचं वजनही खाली ओढतं. दीड किलोचा रेंच आणि त्याचा तोल २० सेंटीमीटरवर असेल तर आणखी ३, एकूण ८१.५. आता रेंच ७७ वर लावला तर क्लिक व्हायला हवं आणि ८६ वर होता कामा नये. वजन आधी वजनकाट्यावर मोजून घ्या, पिशवीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

राजवाडाकर
मनापासून आभार, २१० चा नाद सोडला. ठेवताना स्प्रिंग पूर्ण सैल करायची ना? आणि आमचा पंक्चरवाला हवेच्या गनने नट कसतो, मी नंतर रेंचने क्लिक करून बघितलं तर चालेल का?

पाना_तेरा
स्प्रिंग स्केलवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यापर्यंत आणायची, त्याखाली नाही. पार सैल केली तर आतले भाग जागचे सरकतात आणि पुढचं सेटिंग चुकतं. ८५ वर लावून महिनोन्महिने ठेवला तर स्प्रिंग बसते आणि रेंच कमी टॉर्कलाच क्लिक करू लागतो. काही महागड्या रेंचमध्ये, उदाहरणार्थ श्टालविलेच्या मानोस्कोपमध्ये, स्प्रिंगवर फक्त कसतानाच ताण येतो. त्यांना हे लागू नाही.

गनने कसलेल्या नटावर क्लिक झालं याचा अर्थ एवढाच, की नट किमान ८५ ला आहे. तो १६० लाही असू शकतो. सगळे नट सैल करा, मग हाताने लावा, गोटी पान्याने टेकवा, गाडी जमिनीवर उतरवा आणि समोरासमोरच्या क्रमाने रेंचने कसा. एका संथ ओढीत, मुठीच्या खुणेवर हात ठेवून. एक क्लिक झालं की थांबायचं; "खात्रीसाठी" दुसरं केलं की टॉर्क वाढतोच. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

स्टडला तेल-ग्रीस लावू नका. टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग घर्षणात जातो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. आटे तेलकट झाले की त्याच ८५ मध्ये स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पावसाळ्यानंतर गंज दिसला तर तारेचा ब्रश मारून कोरड्या फडक्याने पुसा.

माळव्या
रेंचने नट सोडवू नका. त्याला लांब दांडा वेगळा ठेवा. आणि गॅरेजात बाकीचे पाने जसे डिझेलच्या डब्यात बुडवून धुतात, तसा हा कधीच बुडवायचा नाही. आतलं ग्रीस धुऊन जातं, मग घर्षण बदलतं आणि क्लिकचा आकडाही. फडक्याने पुसा, रॅचेटच्या डोक्यात मशीन ऑइलचा एखादा थेंब, बास. बरेच महिने पडून असेल तर कामाआधी मधल्या सेटिंगवर पाच-सहा क्लिक करून घ्या, ग्रीस पसरतं.

पीथमपूर_क्यूए
सरळ एक्स्टेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही. पण पुढे आडवा जोड लावून लांबी वाढवलीत तर बदलतो. रेंच ४० सेंटीमीटर, जोड ५, हवेत ९०, तर ९० गुणिले ४० भागिले ४५, म्हणजे ८० वर लावायचा. जोड काटकोनात बसवला तर फरक नगण्य. युनिव्हर्सल जॉइंट मात्र टॉर्कच्या कामात नकोच.