अनुभव धागा: हलकं, फुलांचं परफ्यूम लावून तुम्हाला कसं वाटतं?

पाचपाखाडीची मी
मावसबहिणीनं परवा डिकँटची (मोठ्या बाटलीतून थोडं काढून भरलेली) इवलीशी बाटली दिली, डिप्टीकचं डो सोन. मनगटावर मारलं आणि एकदम आजोळचं लग्नघर आठवलं. पहाटेची वेळ, पितळी परातीत ओल्या फडक्याखाली निशिगंधाच्या वेण्या आणि "हात लावाल तर बघा" म्हणून आम्हा पोरींवर ओरडणारी मामी. कित्येक वर्षांत हे आठवलं नव्हतं हो. वास निशिगंधाचाच, पण वेणीसारखा गच्च नाही, जरा हिरवट आणि पाणीदार. नंतर वाचलं की कंपनी पॅरिसची, १९६१ सालची, तिच्या संस्थापकांपैकी एकाचं लहानपण व्हिएतनाममध्ये गेलं आणि डो सोन हे तिथलं समुद्रकाठचं गाव. परफ्यूम २००५ चं. म्हणजे त्यालाही लहानपणच आठवत होतं की! आपल्या ठाण्याच्या मे महिन्यात दुपारपर्यंत अंगावर काही राहत नाही, ओढणीवर मात्र दुसऱ्या दिवशीही येतो. तुम्ही कोणी असं काही लावता का? महाग, स्वस्त, अत्तर, काहीही चालेल, लिहा.

कळवा ते वाशी
मी लावते!! ट्रान्स हार्बर लोकलला सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात कुणी भसाभस डिओ मारून आलं की माझी अर्धशिशी सुरू. त्यामुळे मला असलंच लागतं, जवळ आल्याशिवाय कळणार नाही असं. सध्या मोगऱ्याचं आहे एक. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

रबाळे एमआयडीसी
ताई, अंगाच्या उष्णतेनं वास भराभर उडतो, कापडावर सावकाश, म्हणून ओढणीवर टिकतो. सुगंधी रसायनांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, आहे म्हणून थोडं लिहितो. निशिगंधाचा वास वाफेवर काढायला गेलं की उष्णतेनं बिघडतो. त्यामुळे पूर्वी फ्रान्समध्ये ग्रास नावाच्या गावी काचेवर चरबी पसरून तिच्यावर ही फुलं मांडून ठेवायचे, कारण निशिगंध आणि जाई तोडल्यावरही वास सोडत राहतात. आता सॉल्व्हंटनं, म्हणजे वास विरघळवून घेणाऱ्या द्रवानं, काढतात. हलक्या फुलांच्या परफ्यूममध्ये जे मोकळं, हवेशीर वाटतं ना, ते बऱ्याचदा हेडिओनमुळे. जाईच्या अभ्यासातून मिळालेला रेणू, डिओरच्या १९६६ च्या ओ सोव्हाज या परफ्यूममुळे नावारूपाला आला. आणि लिली ऑफ द व्हॅलीचं तर तेल निघतच नाही, बाटलीतला तिचा वास सगळा माणसानं जुळवलेला असतो. लोक "केमिकल आहे" म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, फार नाजूक काम आहे हे.

पाचपाखाडीची मी
किती छान सांगितलंत दादा! तरीच वेणी संध्याकाळपर्यंत घमघमते.

नेरुळ पूर्व
मला निशिगंध नाही सहन होत. बाबा गेले तेव्हा हॉलमध्ये सगळीकडे तेच हार होते, उन्हाळा, पंखा बंद, माणसं येतायत जातायत आणि तो वास नुसता साचून राहिलेला. नंतर एका मॉलमध्ये सेल्सगर्लनं न विचारता पट्टीवर मारून नाकासमोर धरलं तर डोळे भरून आले, तिला बिचारीला कळेचना. पण गुलाब आणि संत्र्याच्या फुलांचं एक आहे माझ्याकडे, साबणाच्या पाण्यासारखं स्वच्छ, ते लावलं की दिवस बरा जातो.

कळवा ते वाशी
अगं 🙏 माझ्याही आईच्या वेळी असंच झालं. आमच्याकडे अजून फोटोला झेंडूच घालतो, निशिगंध आणतच नाही कोणी.

नेरुळ पूर्व
हो ना गं. बरं वाटलं वाचून.

घोडबंदर रोड
मला एक सांगा, अर्ध्या तासात माझं मलाच येईनासं होतं, मग मी परत मारतो आणि मग बायको म्हणते खिडकी उघडा. हे सगळ्यांचं होतं का माझंच नाक गेलंय?

रबाळे एमआयडीसी
सगळ्यांचं होतं साहेब. सतत तोच वास आला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. मस्कचे, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचे, काही प्रकार तर काही जणांना मुळातच येत नाहीत. परत मारू नका, वहिनींना विचारा. वहिनी सांगतील तेच खरं 😄

नौपाड्याची काकू
आमच्या वेळी फ्रेंच वगैरे काही नव्हतं, पण बकुळीची फुलं ओवून साड्यांच्या घड्यांत ठेवायचो. सुकली तरी वास जात नाही. माझ्या पैठणीला अजून येतो. सुनेनं वाढदिवसाला मला एक परदेशी बाटली दिली, पांढऱ्या फुलांची, आधी वाटलं एवढे पैसे कशाला, पण देवळात जाताना एक फवारा पदराला मारते आणि खरं सांगू, या वयात कुणीतरी आपल्या वासाचा विचार केला याचंच फार अप्रूप वाटतं. मुलींनो, ठेवून ठेवून जुनं करू नका, रोज वापरा.

कळवा ते वाशी
काकू ❤️ आलेच परत. तर माझं मोगऱ्याचं. कनौजचं अत्तर आहे, देग भपक्यात (अत्तर गाळायच्या जुन्या पद्धतीच्या भांड्यांत) चंदनाच्या तेलावर उतरवलेलं, आठवडी प्रदर्शनातून घेतलं. कानामागे टाचणीच्या टोकाएवढं पुरतं. आधी कोवळ्या कळीसारखं येतं आणि ऑफिस सुटेपर्यंत नुसतं चंदन उरतं. स्प्रेवाली फुलं सुंदर असतात पण मला हे शेवटचं चंदन हवंच असतं. तुर्भ्याला गाडी बदलताना खाडीचा वारा आला की मधूनच परत मोगरा येतो, कसा काय देव जाणे.

घोडबंदर रोड
प्रदर्शन कुठलं? आणि चंदन खरं का? हल्ली बऱ्याच अत्तरांत चंदनाऐवजी दुसरंच तेल असतं म्हणे, कारण चंदन परवडत नाही.

रबाळे एमआयडीसी
बरोबर ऐकलंत, बऱ्याच ठिकाणी पॅराफिन किंवा डीओपी नावाचं स्वस्त रसायन घालतात. भाव फार कमी सांगितला तर समजून जा.

कळवा ते वाशी
ओळखीच्या बाईंकडचं आहे, त्या कनौजच्याच. बाटलीचा फोटो टाकते रात्री.

वाशी सेक्टर १७
विषय सोडून विचारतेय, सॉरी. दादरला न जाता निशिगंध सुटा कुठे मिळेल? गुरुवारी सत्यनारायण आहे.

नौपाड्याची काकू
जांभळी नाक्याला ये सकाळी लवकर. कळ्या मिटलेल्या बघून घे, उमललेल्या घेतल्यास तर पूजेपर्यंत माना टाकतील.

वाशी सेक्टर १७
थँक्यू काकू! तुळस पण तिथेच मिळेल ना?

नौपाड्याची काकू
हो गं, सगळं मिळतं. सुट्टे पैसे ने मात्र.