१९८२ च्या संपावरचा निबंध: समारोप जमत नाहीये

लालबागची_पोर
कलिन्याला एम.ए. इतिहास करतेय. गिरणी संपावर निबंध द्यायचाय. मधला भाग झालाय: १८ जानेवारी १९८२ पासूनचा संप, संपाचे नेते दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, पगार, बोनस, बदली (कायम कामगाराच्या गैरहजेरीत कामावर घेतल्या जाणाऱ्या) कामगारांचा प्रश्न आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. माझं म्हणणं, भांडण पगाराइतकंच त्या कायद्याशीही होतं. शेवटी मात्र हेच परत लिहून 'आज तिथे मॉल आणि टॉवर उभे आहेत' असं संपवलंय. मॅडमनी समासात लिहिलं, 'मग काय?' आता काय करू?

दादरचे_मास्तर
बाळ, मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर लिही, समारोप तिथेच आहे. त्या कायद्याने बोलणीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला. ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ; कामगार मात्र सामंतांच्या मागे. हे तू पुराव्यानिशी मांडलं असशील, तर त्यातून काय निघतं? संप फसला तो नेत्याच्या हट्टामुळे, असं सर्रास बोललं जातं. तुझा पुरावा सांगतो की कामगारांनी ज्याला निवडलं, त्याच्याशी बोलायला कायद्याने कुणी बांधलेलंच नव्हतं. हे ठणकावून लिही. एवढ्या कष्टाने शोधलेली गोष्ट 'अशा प्रकारे'च्या खाली दडपू नकोस, मला फार वाईट वाटतं ते वाचताना.

मॉल-टॉवर काढ. गिरण्यांच्या जमिनी, त्यांच्या वाटणीचा १९९१ चा विकास नियंत्रण नियम ५८, त्यातला २००१ चा बदल हा स्वतंत्र निबंध आहे. मध्ये ज्याचा पुरावा नाही ते शेवटी आणायचं नाही.

परळ_नाका
मास्तर, एक वाक्य राहू द्या ना. पण प्रश्न म्हणून: संपात ज्यांचं ऐकलं गेलं नाही, त्यांच्या वतीने जमिनीच्या वाटणीत कोण बोललं? माझे वडील गिरणीत होते, मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

दादरचे_मास्तर
असा चालेल. फक्त तो आधी येऊ दे, तिचं स्वतःचं म्हणणं शेवटी.

लालबागची_पोर
शेवटचं वाक्य असं केलंय: 'हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, तो मिटवण्यासाठी कामगारांच्या नेत्याशी बोलणी करणं कायद्याने कुणावरच बंधनकारक नव्हतं, असे कदाचित म्हणता येईल.'

दादरचे_मास्तर
उत्तम! 'असे कदाचित म्हणता येईल' तेवढं खोड आणि देऊन टाक.