दहा टक्के खुली जागा पोडियमवर मोजावी का?

ओळंबा:
0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते (महाराष्ट्राची 2020 ची बांधकामांसाठीची एकत्रिकृत नियमावली). पोडियमवरची (गाड्यांच्या मजल्यांवरच्या मोठ्या स्लॅबवरची) बाग त्यात धरू नये, असं माझं मत. मुंबईच्या जुन्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 23 बाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2013 मध्ये, कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात, हेच सांगितलं: किमान जागा जमिनीवर, वरची बाग त्याउपर. 0.4 हेक्टरचे 10 टक्के म्हणजे 400 चौ.मी.; त्यावर 100 मिमी पाऊस म्हणजे 40 हजार लिटर पाणी. जमिनीवर त्यातलं बरंचसं मुरतं, पोडियमवरून ते थेट गटारात जातं.

गवंडीकाका:
आता हिशेब मांडा. भूखंड 50 × 80 मी., इमारत 40 मी. उंच. उंचीच्या एक पंचमांश म्हणजे 8 मी. समास (इमारत आणि कुंपण यांमधली मोकळी जागा), सोयीसाठी चारही बाजूंना तेवढाच धरू. आत उरले 34 × 64 = 2176 चौ.मी. त्यातून 400 गेले की 1776. मध्यम सदनिका 120, दोन घरांना एक कार धरली तर 60 कार. वळायच्या जागेसकट कारमागे साधारण 30 चौ.मी., म्हणजे 1800. दुचाकी, रॅम्प, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) अजून यायचेच आहेत. गाड्या थरावर थर चढवाव्या लागणारच. मग मुलांनी गाड्यांच्या वाटेशेजारी खेळायचं की वर, जिथे एकही चाक येत नाही?

भेग:
काका, मुलांचं पटलं. पण त्या स्लॅबवर वजन किती येतं ते बघा. ओली माती घनमीटरला 1.8 ते 2 टन. मोठ्या झाडाला निदान 1.2 मी. खोली लागते, म्हणजे चौ.मी.ला दोन टनांच्या वर. घरातल्या खोलीचा चल भार (माणसं, सामान यांचं वजन) चौ.मी.ला 200 किलो धरतात. म्हणून नकाशात झाडं दिसतात आणि प्रत्यक्षात 30 सेंमी मातीवर लॉन येतं. शिवाय गळती! ती बहुधा एक्स्पान्शन जॉइंटला (स्लॅबच्या दोन भागांत मुद्दाम ठेवलेल्या फटीला) किंवा पाण्याच्या आउटलेटभोवती सुरू होते, आणि शोधायला सगळी माती उपसावी लागते. मुळं अडवणारा थर, त्यावर निचऱ्याचा थर, जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), आणि माती टाकण्याआधी पाणी साठवून चाचणी. खर्च वाचवताना यातलंच काहीतरी गळतं.

गवंडीकाका:
हे नीट करता येतं. वाईट काम हा नियमाचा दोष नव्हे.

तळघर:
दोघंही एक गोष्ट सोडताय. बेसमेंट कुंपणापर्यंत नेलं, तर 'जमिनीवरची' बागसुद्धा स्लॅबवरच असते! पाणी मुरत नाही, झाड वाढत नाही, आणि मंजुरीच्या कागदावर सगळं नियमात. त्यात समासातला स्लॅब 45 टनी अग्निशमन गाडीसाठी डिझाइन केलेला नसेल तर आणखी पंचाईत. माझी मागणी एवढीच: त्या 10 टक्के जागेच्या खाली बेसमेंट नको. उरलेली बाग पोडियमवर खुशाल करा.

ओळंबा:
मान्य. पण मग ती जागा एकसलग हवी. ट्रान्सफॉर्मरमागचा तीन मीटरचा पट्टा चालणार नाही.

गवंडीकाका:
बेसमेंट तेवढं आखडलं की गाड्यांचा एक मजला वाढतो. त्याचे पैसे सदनिकेच्या दरातच येणार, हेही लिहा.