मदत हवी आहे: जुन्या घराच्या मालकीची साखळी आजोबांपाशी तुटते

नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर आणि लगतची जमीन आधी कुणाकुणाच्या नावावर होती, हे आजपासून मागे मागे जात शोधतोय. वडिलांकडून आजोबांपर्यंत नीट पोचलो, पुढे अडलो. आजोबांच्या नावाचं खरेदीखत सापडत नाही. वारसाने आलं म्हणावं, तर मृत्युपत्र किंवा वाटणीपत्रही नाही. तोंडी वाटणी होऊन नुसतं नाव चढलं असेल का?

हाताशी एक गहाणखत आणि घरपट्टीच्या काही पावत्या आहेत. (पावतीवर नाव म्हणजे मालकी नव्हे, हे मला कळलंय, काकांना अजून पटत नाही.) गहाणखतातलं क्षेत्रफळ वाळवीने खाल्लंय, पण चतुःसीमा शाबूत आहे: पूर्वेला शेजाऱ्यांची विहीर, दक्षिणेला वाट. आज विहीर बुजलीय आणि वाट भलतीकडूनच जाते.

म्हणून असं सुचलं, की आपले कागद मिळत नाहीत तर शेजाऱ्यांची जुनी खरेदीखतं काढावीत. त्यांच्या चतुःसीमेत आमच्या जागेच्या तेव्हाच्या मालकाचं नाव यायला हवं. कुणी हा मार्ग वापरलाय का? कितपत मागे जाता आलं?

आणखी एक. एका वर्षी कर एकदम वाढलेला दिसतो. तेव्हा घर वाढवलं असं धरावं, की सगळ्यांचीच फेरआकारणी झाली असेल? शेजारच्या घरांचा त्याच वर्षीचा कर पाहून हे ठरवता येईल ना?

जमिनीचा क्रमांकही मध्येच बदललाय. जुने-नवे क्रमांक जुळवून पाहायला नेमकं काय मागायचं?