शब्दचर्चा : ‘सहसंबंध’ कशाला म्हणावे आणि वाक्यात तो कसा लिहावा?

प्रश्न : मानसशास्त्राच्या एका लघुप्रबंधाचे मराठी तपासताना पुढील वाक्य आढळले : ‘झोप आणि परीक्षेची चिंता यांच्यात नकारात्मक सहसंबंध आढळल्याने कमी झोपेमुळे चिंता वाढते हे सिद्ध झाले.’ येथे नुसता ‘संबंध’ का चालू नये, ‘नकारात्मक’ म्हणावे की ‘ऋण’, आणि त्या ‘मुळे’चे काय करावे, यावर जाणकारांनी लिहावे.

उत्तर : ‘संबंध’ शब्दातल्या ‘सम्’ या उपसर्गातच ‘एकत्र’ हा अर्थ असल्यामुळे त्यामागे आणखी ‘सह’ लावणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने द्विरुक्तीच आहे, परिभाषेत मात्र ती उपयोगी पडली आहे. इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ साली माणसाची उंची, हाताची लांबी अशा मोजमापांवरील निबंधात याचा इंग्रजी प्रतिशब्द मध्ये संयोगरेषा देऊन ‘को-रिलेशन’ असाच लिहिला होता, आणि आपल्या ‘सह-संबंधा’ची घडण नेमकी तीच आहे. मराठीत ‘संबंध’ फार सैल आहे : सोयरिकीपासून ‘तुझा काय संबंध?’ पर्यंत तो कोठेही चालतो. ‘सहसंबंध’ म्हणताना मात्र त्याच माणसांच्या बाबतीत मोजलेल्या दोन चलांचे, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या राशींचे, कमीजास्त होणे कितपत जोडीने जाते, एवढेच सांगायचे असते. सहप्रवासी एका डब्यात असतात, पण त्यांच्यापैकी कोणी कोणाला ओढत नसतो. ओढणारे इंजिन निराळेच असू शकते. झोप आणि चिंता यांच्या बाबतीत ते इंजिन अपुरा राहिलेला अभ्यास असेल, किंवा घरातली भांडणेही असतील.

‘नकारात्मक’ हा शब्द मी टाळतो. ‘नकारात्मक विचार’, ‘नकारात्मक वातावरण’ या वापरामुळे वाचकाला त्यात काहीतरी वाईट असल्याचा वास येतो, आणि झोप वाढलेल्यांची चिंता कमी असणे यात वाईट काहीच नाही. ‘ऋण’लाही कर्जाची छटा आहे, पण शाळेतल्या ऋण संख्यांमुळे ती गणितात बोथट झाली आहे. कोणी ‘व्यस्त सहसंबंध’ सुचवतात. त्यात अडचण अशी की शालेय गणितातल्या व्यस्त चलनात दोन राशींचा गुणाकार स्थिर असतो, आणि येथे तशी कोणतीही अट नाही.

आता ‘मुळे’. समजा, पाच विद्यार्थ्यांना झोपेनुसार जास्तीकडून कमीकडे १, २, ३, ४, ५ असे क्रम दिले आणि त्याच विद्यार्थ्यांचे चिंतेतले क्रम, तेही जास्तीकडून कमीकडे, अनुक्रमे ४, ५, ३, २, १ आले. क्रमांतील फरकांचे वर्ग ९, ९, ०, ४ आणि १६, म्हणजे एकूण ३८. चार्ल्स स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार ३८ ला ६ ने गुणून १२० ने भागायचे आणि आलेले १.९ हे १ मधून वजा करायचे. सहसंबंध गुणांक, म्हणजे हा मेळ उणे १ ते अधिक १ या पट्टीवर दाखवणारा आकडा, उणे ०.९ येतो. आता झोपेचा आणि चिंतेचा रकाना आपसांत बदलून पुन्हा करून पाहावे. फरकांची चिन्हे उलटतात, वर्ग तेच राहतात, आणि उत्तर पुन्हा उणे ०.९. ज्या आकड्याला कोणता रकाना आधीचा हेही कळत नाही, त्याच्या आधारावर ‘मुळे’ लिहिता येत नाही. मग ‘झोपेमुळे चिंता’ जितके खरे तितकेच ‘चिंतेमुळे झोप उडाली’ हेही खरे ठरेल, आणि घरोघरचा अनुभव दुसऱ्या बाजूचा अधिक आहे.

‘मुळे’ काढून लोक ‘जसजशी झोप कमी होते, तसतशी चिंता वाढते’ असे लिहितात, ते माझ्या मते अधिक फसवे आहे, कारण ते निरुपद्रवी दिसते. या रचनेत एकाच माणसात काळाच्या ओघात घडणारा बदल दिसतो, तर पाहणीत वेगवेगळ्या माणसांना एकेकदाच मोजलेले असते. तेव्हा ‘जसजशी–तसतशी’ नको, ‘ज्यांची–त्यांची’ हवी.

शंका : विद्यार्थ्यांना समजावताना ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण सहसंबंधाचे उदाहरण म्हणून द्यावी काय?

उत्तर : देऊ नये. म्हणीतला कावळा एकदाच बसतो आणि फांदी एकदाच तुटते. तो योगायोग आहे. सहसंबंधाला अनेक जोड्या लागतात. शंभर कावळ्यांच्या वजनाची आणि त्यांच्याखालच्या फांद्यांच्या झुकण्याची नोंद ठेवली, तर सहसंबंधाचा प्रश्न निघू शकेल. याच ओघात ‘शून्य सहसंबंध म्हणजे संबंध नाही’ हे वाक्यही तपासावे. नेहमीचा गुणांक (वरचा क्रमांवरचा नव्हे, तर प्रत्यक्ष मोजमापांवरचा) सरळ रेषेतला मेळ मोजतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ सालच्या उंदरांवरील प्रयोगापासून मानसशास्त्रात अशी मांडणी रूढ आहे की अवघड कामात उत्तेजना (मनावरचा ताण वा जागृतता) अगदी कमी किंवा अगदी जास्त असली तर कामगिरी ढासळते आणि मध्यम उत्तेजनेला ती सर्वांत चांगली असते. अशा उलट्या कढईच्या आकाराच्या नात्यात गुणांक शून्याजवळ येऊ शकतो, म्हणून ‘सरळरेषीय सहसंबंध आढळला नाही’ असे लिहावे.

मूळ प्रश्नकर्ता : सुधारलेले वाक्य असे चालेल काय? ‘झोप आणि परीक्षेची चिंता यांच्यात ऋण सहसंबंध आढळला, ज्या विद्यार्थ्यांची झोप कमी होती, त्यांची चिंता जास्त होती.’

उत्तर : एक शब्द राहिला. वरच्या पाच जणांत सर्वांत जास्त झोपणाऱ्याचा चिंतेतला क्रम पाचवा नव्हे, चौथा आहे, आणि म्हणूनच गुणांक उणे १ न येता उणे ०.९ आला. ‘त्यांची चिंता बहुधा जास्त होती’ असे लिहावे.