आइंडहोवन : बीएसएन अडलाय, तातडीने मदत हवी

नवा_आइंडहोवनकर
पुण्याहून नेदरलँड्सला येऊन आज 16 दिवस झाले. बीएसएन, म्हणजे इथला नागरिक सेवा क्रमांक, मिळत नाहीये. तो नाही म्हणून बँक खातं उघडत नाही, आणि पगार कुठे जमा करायचा ते ऑफिसवाले रोज विचारतात. बायको आणि मुलगी पुढच्या महिन्यात येणार, तिकिटं काढून झालीत. बीएसएन लवकर मिळवायचा काही मार्ग आहे का? कृपया आजच सांगा.

वेल्डहोवनची_वारी
चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदणी करायची असते. वेळ घेतली होती का? व्हिसा कुठला, केनिसमिग्रांट (उच्चकुशल कर्मचाऱ्यांचा) का?

डोंबिवली_फास्ट_ब्राबांट
बँकेचं टेन्शन घेऊ नका. काही ऑनलाइन बँका आधी खातं उघडून देतात आणि बीएसएन नंतर द्यायला मुदत देतात. मी तेच केलं होतं. पण पगाराच्या आधी बीएसएन कंपनीला द्याच, नाहीतर 52 टक्के कर कापतात.

नवा_आइंडहोवनकर
हो, केनिसमिग्रांटच. वेळही घेतली होती, मागच्या बुधवारी जाऊन आलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, या पत्त्यावर नोंदणी होणार नाही. म्हणून तर विचारतोय.

वेल्डहोवनची_वारी
अहो, हे आधी सांगायचं ना! कुठला पत्ता? करारपत्र कोणाच्या नावावर आहे?

नवा_आइंडहोवनकर
वूनसेलमध्ये एका ओळखीच्या मुलाच्या घरात खोली घेतलीय. करार त्याच्या नावावर आहे. मला लेखी काही दिलेलं नाही, डिपॉझिट मात्र दिलंय. घरमालकाने दुसऱ्या कोणाचं नाव लावायचं नाही असं त्याला बजावलंय. कंपनी हॉटेल देत होती, पण मी भत्ता घेतला.

सह्याद्रीचा_सायकलस्वार
सोपा उपाय आहे. आरएनआय (अनिवासींच्या नोंदणीच्या) काउंटरवर जा. तिथे नेदरलँड्समधला पत्ता लागत नाही, पासपोर्ट दाखवला की त्याच दिवशी बीएसएन मिळतो. आइंडहोवनमध्येच आहे.

वेल्डहोवनची_वारी
सायकलस्वार, चुकीचा सल्ला देऊ नका. आरएनआय चार महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्यांसाठी आहे. यांना बायको-मुलीला आणायचंय. मुलीची शाळा, डिजीडीचं (सरकारी ऑनलाइन लॉगिनचं) पत्र, सगळं राहत्या पत्त्यावर चालतं.

सह्याद्रीचा_सायकलस्वार
मला 2019 मध्ये तसाच मिळाला आणि नंतर पत्ता लावता आला. आकडा तोच राहतो. अडचण आजची आहे, तर उपायही आजचा सांगतोय.

वेल्डहोवनची_वारी
तुम्ही तेव्हा तीन महिन्यांच्या प्रोजेक्टवर आला होतात, तुमच्याच जुन्या धाग्यात लिहिलंय.

कायद्याचं_बोला
मूळ मुद्द्यावर या. माणूस जिथे प्रत्यक्ष राहतो तिथेच त्याची नोंद व्हायला हवी, असा इथला कायदा आहे. घरमालक ‘नाव लावू नका’ म्हणाला म्हणून ते कर्तव्य टळत नाही. पण तुमच्याकडे करारपत्र नाही, त्यामुळे त्या मुलाची लेखी संमती लागेल. आणि त्याने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला असेल, तर त्याचंच घर जाऊ शकतं. म्हणून तो सही देत नसणार. त्याच्यावर दबाव आणू नका. डिपॉझिट किती दिलंत? जुलै 2023 पासून दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही.

हेल्मोंडची_सून
मी म्हणते आइंडहोवनच सोडा. हेल्मोंडला घर बघा, ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात. आम्ही सात वर्षं आहोत. फक्त जाहिरातीत ‘काल’ लिहिलेलं घर घेऊ नका. काल म्हणजे उघडंबोडकं, फरशीवर लॅमिनेटसुद्धा नसतं, आधीचा भाडेकरू उचकटून नेतो. ‘खेस्तोफेर्ड’ बघा, त्यात जमिनीला आवरण आणि पडदे असतात.

मिरजेची_मावशी
बायकोला सांगा, कुकर इंडक्शनवर चालणाराच आणायचा. माझा लेक ब्रेडाला गेला तेव्हा हिंडालियमचा नेला होता, तसाच पडून राहिला.

नवा_आइंडहोवनकर
मावशी, सांगतो तिला. कायद्याचं बोला, डिपॉझिट दोन महिन्यांचंच दिलंय. त्या मुलाला अडचणीत आणायचं नाही, त्याने मला आसरा दिलाय. मग मी काय करू?

कायद्याचं_बोला
उद्या सकाळी एचआरकडे जा. खरं काय ते सांगा आणि नोंदणी होईल असं सर्व्हिस अपार्टमेंट महिनाभरासाठी मागा. भत्ता परत द्यावा लागला तरी चालेल. नोंदणी तिथे करा, घर शोधायला तेवढा अवधी मिळतो. बायको-मुलीचीही नोंदणी व्हायची आहे, तेव्हा जन्म-विवाहाचे दाखले लागतील. त्यांवर अपोस्टिल (परदेशात चालणारं अधिकृत प्रमाणीकरण) झालंय का?

नवा_आइंडहोवनकर
एचआरशी बोललो. शुक्रवारपासून महिनाभर अपार्टमेंट मिळतंय, पत्ता लावता येईल असं त्यांनी लिहून दिलंय. मनापासून आभार. दाखल्यांचं मला माहीतच नव्हतं. विवाहाच्या दाखल्यावर आहे, मुलीच्या नाही. तिचा फक्त मराठीत आहे.

कायद्याचं_बोला
मग त्यावर खर्च करू नका. महानगरपालिकेतून मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला नवा दाखला काढा. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. हे सगळं त्या दोघी भारतातून निघायच्या आधी करायचं, इथून फार अवघड जातं. वहिनींना आजच फोन करा.