मदत हवी आहे: स्पिनर फेकला की दोरीला पीळ पडतो

मंडळी, रविवारी पहाटे बडोद्याजवळ सिंधरोटला महीकाठी मासे धरायला गेलो होतो. (विश्वामित्री नदीवर जा म्हणून कुणी सुचवू नका, तिथल्या मगरींशी माझं काही भांडण नाही.) स्पिनिंग रीळ, ०.२८ मिमीची नायलॉन दोरी, टोकाला ७ ग्रॅमचा स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं धातूचं आमिष). वीसेक फेका छान गेल्या. मग दोरी जरा सैल पडली की आपोआप वेटोळी घ्यायला लागली, जुन्या लँडलाइनच्या वायरीसारखी. पुढच्याच फेकीला असा गुंता झाला की पंधरा मीटर कापून टाकावी लागली.

चूक माझीच. स्पिनर थेट दोरीला बांधला होता, मध्ये स्विव्हल (पीळ दोरीत जाऊ न देणारी फिरती कडी) नाही. वर तो दगडात अडकल्यावर ड्रॅग (ताण आला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) कर्रकर्र घसरत असतानाही मी हँडल फिरवत बसलो. त्यानेही पीळ वाढतो हे मागाहून कळलं.

तर विचारायचं असं की स्विव्हल स्पिनरपासून किती अंतरावर लावता? आणि स्पिनर काढून दोरी वाहत्या पाण्यात सोडली की पीळ उतरतो म्हणतात, पण तिथे सध्या धार अगदीच मंद आहे. मैदानात गवतावरून ओढली तर चालेल, की सरळ नवी भरू?